ती टोपी उसनी नाही

लिल नास एक्स या काळ्या अमेरिकन रॅपरने काउबॉयची टोपी नुसती फॅशन म्हणून चढवली, असं मत या चर्चेत कुणीतरी मांडलंय; मला ते अजिबात पटलं नाही. त्याच्या ‘ओल्ड टाऊन रोड’ या गाण्याचा व्हिडिओ १८८९ सालात सुरू होतो. आसरा शोधत एका घरापाशी पोचलेल्या या काळ्या तरुणावर तिथला माणूस थेट गोळ्या झाडतो. तेवढा प्रसंग पुन्हा बघा. मार्च २०१९मध्ये बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या याद्या काढणाऱ्या अमेरिकन मासिकाने हेच गाणं कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण धाटणीच्या संगीताच्या, यादीतून काढलं होतं. पुढे ते हॉट १०० या बिलबोर्डच्याच मुख्य यादीत सलग १९ आठवडे पहिलं राहिलं.

खऱ्या गुराख्यांबद्दल मात्र या चर्चेत कुणीच बोललं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर तिथल्या पश्चिमेकडच्या काउबॉईजमध्ये चारांतला एक काळा असावा, असा अनेक इतिहासकारांचा अंदाज आहे. पडद्यावर ते दिसलेच नाहीत, म्हणून आज आपल्याला ती टोपी त्यांच्या डोक्यावर उसनी वाटते, आणि याचं मला फार वाईट वाटतं. टेक्सासचा काळा काउबॉय बिल पिकेट घ्या. धावत्या घोड्यावरून बैलावर झेप घ्यायची, शिंगं धरून मान पिरगाळायची, ओठात दात रोवून त्याला लोळवायचं! रोडिओतली, म्हणजे काउबॉईजच्या खेळांच्या स्पर्धेतली, बैल लोळवण्याची शर्यत त्याच्यामुळेच रूढ झाली. आज त्यातला चावा गेला, झेप तीच आहे.