अध्यादेश, वटहुकूम आणि जीआर: फरक काय?

'सरकारने अध्यादेश काढला' ही बातमी सारखी दिसते. कधी तो बदल्यांचा असतो, कधी अनुदानाचा. मग वटहुकूम कशाला म्हणायचं?

— वटहुकूम आणि अध्यादेश एकच. संविधानाच्या मराठी पाठात अध्यादेश आहे, वर्तमानपत्रांना वटहुकूम जवळचा. खरा घोळ पुढे आहे: बातम्यांतले बरेच 'अध्यादेश' हे जीआर, म्हणजे शासन निर्णय असतात. कोणताही जीआर उघडा. शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' आणि खाली उपसचिव किंवा अवर सचिवाची सही. राज्यपालांचं नाव वाचून लोकांना वाटतं, कायदाच झाला. पण अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्याचा सगळा कारभारच त्यांच्या नावाने चालतो! जीआर हा निव्वळ कार्यकारी अधिकारातला कागद; कायदा गप्प असेल तिथे तो बोलू शकतो, कायद्याविरुद्ध नाही. राज्यपाल काढतात त्या अध्यादेशाला मात्र (अनुच्छेद २१३) कायद्याचंच बळ असतं. विधिमंडळाची दोन्ही सभागृहं एकाच वेळी भरलेली असली की तो काढता येत नाही.

— जानेवारी २०२४ मध्ये वाशीला मराठा आंदोलकांच्या हाती पडलेला 'सगेसोयऱ्यांचा अध्यादेश' आठवतोय?

— तो अध्यादेशही नव्हता आणि जीआरही नव्हता. जातप्रमाणपत्राच्या नियमांत दुरुस्ती सुचवणारी ती मसुदा अधिसूचना होती, हरकती मागवणारी. कित्येक वाहिन्यांवर मात्र दिवसभर 'अध्यादेश निघाला'.

— आदेश तो आदेश. सामान्य माणसाला काय फरक पडतो?

— पडतो की. जीआर सरकार हवा तेव्हा फिरवू शकतं. अध्यादेश विधिमंडळासमोर ठेवावाच लागतो आणि अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही, तर तो संपतो. बिहारने यातून पळवाट काढली होती: मुदत संपत आली की तोच अध्यादेश पुन्हा. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी हे खणून काढलं. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश, त्यातले काही तर १४ वर्षांपर्यंत जिवंत ठेवलेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ही संविधानाशी लबाडी ठरवली. कायदे करणं विधिमंडळाचं काम, ते मंत्रिमंडळाला कायमचं बळकावता येत नाही. आणि हो, राज्यपालांनाही सगळी मोकळीक नाही. ज्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती लागली असती, त्या विषयावर त्यांच्या सूचनेशिवाय अध्यादेश काढता येत नाही.

— क्रियापदावरूनही ओळखता येतं. अध्यादेश प्रख्यापित होतो, अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध होते, जीआर निर्गमित होतो. 'काढला' म्हटलं की तिन्ही एका मापात.

— मग परिपत्रक?

— ते बहुतेकदा आहे तोच नियम कसा पाळायचा एवढंच सांगतं. त्यालाही अध्यादेश म्हणणारे भेटतातच.