विभागप्रमुख झाले, पण नेतृत्व करायला वेळच उरत नाही

नवीन_प्रमुख:
ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रुग्णाला रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठीचे उपचार, या विभागाची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली. ड्यूट्या, रजा, स्प्लिंटच्या शीटचा साठा, राहिलेल्या नोंदी यातच दिवस संपतो. पक्षाघाताच्या रुग्णांकडून नुसते हाताच्या व्यायामाचे शंकू उचलून घेण्यापेक्षा त्यांच्या रोजच्या कामांवर भर द्यावा, असं मला मनापासून वाटतं. मीटिंगमध्ये बोलले, सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंकूच. आधी व्यवस्थापन मार्गी लावून मग नेतृत्वाकडे वळू का?

वॉर्डातली_जुनी:
ती 'मग'ची वेळ येत नाही हो. आधी ड्यूटीचा तक्ता बघा. कपडे घालण्याचा सराव सकाळी, रुग्ण कपडे बदलतो तेव्हाच व्हायला हवा. तुमची माणसं वॉर्डात पोचेपर्यंत सिस्टरांनी सगळं उरकलेलं असेल, तर थेरपिस्ट शंकूच काढणार!

आम्ही एकीची ड्यूटी लवकर लावली, तिची दुपार मोकळी केली आणि कुणाचे कपडे आमच्यासाठी ठेवायचे ते सिस्टरांशी बोलून ठरवलं. एक आजोबा होते. लुळा हात आधी बाहीत घातला, मग चांगला; पण पहिलं बटण काही केल्या लागेना. सिस्टर मदतीला पुढे झाल्या, थेरपिस्टनं नजरेनंच थांबवलं. बटण लागलं. पुढे त्याच सिस्टर इतर रुग्णांनाही थांबून वेळ द्यायला लागल्या. हे नुसत्या तक्त्यानं झालं नसतं, आणि तक्ता न बदलता तर नाहीच नाही.

आपल्या व्यवसायाची सुरुवातही अशीच आहे. १९१७ साली अमेरिकेत पहिली संस्था उभारणाऱ्यांत एलेनॉर क्लार्क स्लेगल होत्या. मनोरुग्णांना चांगल्या सवयी लावण्याची त्यांची पद्धत वॉर्डाच्या अख्ख्या दिवसाच्या वेळापत्रकावर उभी होती. पुढे त्याच संस्थेचा कारभार त्यांनी १९३७ पर्यंत सचिव म्हणून सांभाळला.

मूल्यमापन_आधी:
तक्त्याबरोबर रुग्णाच्या तपासणीचा फॉर्मही बदला. फॉर्ममध्ये सांध्यांची हालचाल आणि पकडीची ताकद एवढेच रकाने असतील तर उपचारही तेवढेच होतात. सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर) ही रुग्णाशी बोलून करायची मूल्यमापनाची पद्धत वापरून बघा. आपल्याला काय जमत नाही ते रुग्णच सांगतो. किती जमतं आणि त्यावर किती समाधान आहे, याला १ ते १० गुण देतो. साधारण २ गुणांची वाढ ही खरी सुधारणा मानतात. वरिष्ठांकडे जादा माणूस मागताना हे आकडे कामी येतात.

नवीन_प्रमुख:
पटलं. पण आमच्या सर्वांत अनुभवी बाई सकाळी लवकर यायला तयार होणार नाहीत.

वॉर्डातली_जुनी:
त्यांना ड्यूटी लावू नका, सल्ला विचारा. कुठल्या रुग्णापासून सुरुवात करायची हे त्यांनाच ठरवू द्या. पहिला आठवडा सकाळची ड्यूटी तुम्ही स्वतः करा, आणि एकाच वॉर्डात. साठ्याची वही तेवढे दिवस दुसऱ्या कुणाकडे सोपवा.