गिटारच्या दोन कॅब आयआर किती पॅन (डावी-उजवीकडं) करायच्या?

मिरजकर_गिटार: एकाच टेकला (एकदा वाजवलेल्या रेकॉर्डिंगला) दोन आयआर लावल्यात, म्हणजे स्पीकर कॅबिनेट नि माईकचा आवाज गिटारला देणाऱ्या फाईल, एक एसएम५७ माईकची नि एक रिबन माईकची. पूर्ण डावी-उजवी ठेवली की हेडफोनवर भारी वाटतं पण मोबाईलच्या स्पीकरवर गिटार पार पातळ होते, मग किती ठेवू?

कृष्णाकाठ: मोनोत, म्हणजे डावं-उजवं एकाच आवाजात मिसळून, दोन्ही एकत्र आल्या की फेज कटतो रे, लाटा एकमेकींना मारतात. आयआरमध्ये अर्ध्या मिलिसेकंदाचा जरी फरक असला, म्हणजे माईक साधारण १७ सेंटिमीटर मागंपुढं, तरी १००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि गिटारचा जीव तिथंच असतो. आधी दोन्ही वेव्ह झूम करून जुळव, मग ३०-४० टक्के पॅन पुरे. सांगलीत मंडपात बऱ्याचदा मोनोच वाजतं, त्यामुळं मोनो बटण दाबूनच ठरव.

सातारी_टोन: वरचं बरोबर, पण खरी रुंदी हवी असेल तर तोच रिफ (गिटारचा तुकडा) परत वाजव! दोन वेगळे टेक, एक पूर्ण डावीकडं, एक पूर्ण उजवीकडं, प्रत्येकाला एकच आयआर. सोलो मात्र मधेच ठेव.

मिरजकर_गिटार: वेव्ह जुळवल्यावर लगेच फरक पडला, रिदम आज रात्री डबल करतो.