चार सेन्सरचे आकडे ऊनोवरून लॅपटॉपवर पाठवतोय, तापमान बरोबर येतं, बाकी तीन भलतेच

गच्चीवाला_इंदूर
नमस्कार मंडळी, सुदामा नगर, इंदूरहून लिहितोय. गच्चीवर आईच्या तीन कुंड्या आहेत, तुळस, कढीपत्ता आणि मोगरा. तिघींच्या मातीत ओलाव्याचा एकेक सेन्सर खोचलाय (माती कोरडी झाली की आकडा वाढतो असला) आणि चौथा एलएम35 तापमानासाठी, चारही आर्डुइनो ऊनोच्या (प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड) ए0 ते ए3 पिनांना. आधी सीरियल.प्रिंट (आकडा अक्षरं म्हणून पाठवणारी आज्ञा) वापरलं तर सगळे आकडे एकमेकांना चिकटून 41279038863 अशी मालगाडी आली, मग कुठेतरी वाचलं की राइट वापरा म्हणून ते केलं. आता पायथनमध्ये चार-चार बाइट वाचतो तर 156, 22, 132, 63 येतात. 63 म्हणजे साधारण 31 डिग्री, ते पटतं. बाकीचे 255 च्या वर जातच नाहीत आणि मधेच कधीतरी तापमानाच्या जागी तुळस येऊन बसते. वायरी तीनदा बदलल्या, काल रात्री दोन वाजेपर्यंत बसलो होतो, सराफा (आमचा रात्रीचा खाऊबाजार) सुद्धा आवरला असेल तोवर. सेन्सर खराब आहेत का?

जुना_सोल्डर
सेन्सर ठणठणीत आहेत भाऊ, वायरींना हात लावू नका. तुमची मालगाडीच डबे सोडून बघा: 412, 790, 388, 63. ऊनोचा एडीसी (सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) 10 बिटचा, म्हणजे आकडा 0 ते 1023 पर्यंत जाणार, आणि राइट एका वेळी एकच बाइट पाठवतं, त्यात 255 च्या वर मावत नाही. मग वरचा भाग सरळ कापला जातो. 412 मधून 256 गेले की उरले 156. 790 मधून 768 गेले, उरले 22. 63 मुळातच लहान म्हणून तो सुखरूप पोचला, त्यामुळे तुम्हाला वाटलं एकच सेन्सर चांगला.

प्रिंटवरच परत या. पहिला आकडा प्रिंट, मग स्वल्पविराम प्रिंट, असं करत शेवटचा आकडा प्रिंटएलएनने पाठवायचा म्हणजे ओळ संपल्याची खूण आपोआप जाते. पायथनकडे पायसीरियलचं (सीरियल पोर्ट वाचायची लायब्ररी) रीडलाइन, मग डिकोड, स्ट्रिप आणि स्वल्पविरामावर स्प्लिट. बाइट मोजत बसायचं नाही, ओळ वाचायची. तुळस तापमानाच्या जागी येते ती याच्यामुळेच, एक बाइट जरी इकडेतिकडे झाला की पुढचं सगळं सरकतं, कारण कुठून सुरू आणि कुठे संपलं हे वाचणाऱ्याला कळायला काही खूणच नाही.

बाइट_बहाद्दर
प्रिंटने उगाच जास्त बाइट जातात. प्रत्येक आकड्याचे दोन बाइट करून पाठवा, हायबाइट (वरचा भाग) आणि लोबाइट (खालचा भाग), सुरुवातीला एक ठरलेला बाइट खूण म्हणून.

जुना_सोल्डर
होतं तसंही, पण ती खूण आकड्यांमध्येच सापडली तर? मग चेकसम (माल नीट पोचला का ते तपासायचा जादा आकडा) आला, मग अजून काही. कुंड्यांसाठी कशाला एवढा पसारा. हिशोब करा ना, 412,790,388,63 ही ओळ 14 अक्षरं, प्रिंटएलएनची शेवटची दोन धरून 16. 9600 बॉडला (सीरियलचा वेग) सेकंदाला 960 बाइट जातात, म्हणजे एका सेकंदात अशा 60 ओळी. माती काय एवढ्या वेगाने सुकते का!

गच्चीवाला_इंदूर
काका, आकडे आले! पण दोन भानगडी. पहिली ओळ कधीकधी अर्धवट येते आणि प्रोग्राम पडतो. दुसरी म्हणजे मोगऱ्याला पाणी घातलं तर स्क्रीनवरचा आकडा हलायला खूप वेळ लागला. ऊनोच्या लूपमध्ये डीले नाहीये, पायथनमध्ये मात्र एक सेकंदाचा स्लीप टाकलाय.

टेस्टर_ताई
स्लीप काढ आधी. ऊनो धडाधड ओळी पाठवतोय आणि तू सेकंदाला एकच उचलतोयस, म्हणजे बाकीच्या रांगेत पडून राहतात आणि तू शिळ्या ओळी वाचत बसतोस. वेग पाठवणाऱ्याने ठरवायचा, लूपच्या शेवटी हजार मिलिसेकंदांचा डीले दे आणि पायथनला नुसती वाट बघू दे. पायथनने पोर्ट उघडला की ऊनो रीसेट होतो, म्हणून दोन सेकंद थांब, आलेला जुना माल फेकून दे आणि मग वाचायला लाग. स्प्लिट केल्यावर चार तुकडे नसतील तर ती ओळ सोडून द्यायची, अर्ध्या ओळीवरून भांडण नको. आणि पायथन चालवायच्या आधी सीरियल मॉनिटर बंद कर, नाहीतर पोर्ट बिझी म्हणेल, मी त्यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीये.

जाताजाता, 5 व्होल्टच्या रेफरन्सवर (एडीसी ज्याच्याशी तुलना करून मोजतो ते व्होल्टेज) एलएम35 ची एक पायरी जवळपास अर्ध्या डिग्रीची पडते, त्यामुळे 63 चा 64 झाला तर ऊन वाढलं असं समजू नकोस.

गच्चीवाला_इंदूर
दुपारपासून चालू आहे, एकदाही पडला नाही, दोघांचे आभार. एक सांगायचं राहिलं. कढीपत्त्याचा आकडा 22 दिसायचा ना, सगळ्यात कमी, म्हणून मी आईला आठवडाभर सांगत होतो की त्याला पाणी नको, चिखल झालाय. खरा आकडा 790, तिघींत सगळ्यात कोरडी कुंडी तीच. आई म्हणत होती पानं गळतायत, मी म्हणत होतो सेन्सर बघ. आत्ता दोन तांबे घालून आलोय, 455 दाखवतोय.