शब्दचर्चा: 'डेटा फिड्युशियरी'ला मराठीत काय म्हणायचं?

गोदाकाठ: इथे नाशकातल्या एका छोट्या कंपनीच्या अ‍ॅपची, लोकांची माहिती घेताना द्यायची सूचना मराठीत करतोय. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. 'डेटा'ला 'विदा' म्हटलं की साहेबांना हिंदी सिनेमातली पाठवणी आठवते, म्हणून 'माहिती'वर भागवलंय. अडलंय 'फिड्युशियरी'पाशी, म्हणजे लोकांची माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणारी कंपनी. 'विश्वस्त' चालेल?

रामकुंड: चालेल की. युरोपात 2018 पासून लागू असलेल्या कायद्यात अशा कंपनीला 'नियंत्रक' या अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडे माहिती संरक्षणासाठी सरकारने नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीने त्याच वर्षीच्या अहवालात 'फिड्युशियरी' घेतला. माहिती तुमची, विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिलेली. 'नियंत्रक' लिहिलंत तर ही मेख निसटते.

सराफगल्ली: नाही पटत. देवस्थानाचा विश्वस्त देवाच्या दागिन्यांवर धंदा करत नाही (करू नये, एवढंच म्हणतो). फुकट ईमेल देणाऱ्या बड्या कंपन्या आपल्याच माहितीच्या जिवावर जाहिराती विकतात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि वर 'विश्वस्त' ही पदवी?

रामकुंड: पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा. पणजोबांचं नाव, गाव, कोण कधी आलं, सगळं त्यात. उपाध्ये दक्षिणा घेतात, घर त्यावरच चालतं. पण गाव-आडनाव सांगितल्यावर वही उघडते ती त्या कुळातल्या माणसासाठी. कमाईने विश्वस्तपण जात नाही. वही भलत्याच कामाला लावली की जातं. आणि हा शब्द नुसता मानाचा नाही, माहितीच्या सुरक्षेत हयगय झाली तर 250 कोटींपर्यंत दंड आहे.

गोदाकाठ: बरं, विश्वस्त. आता 'संमती'. कायद्यातली विशेषणं: मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त, निःसंदिग्ध. वाचतानाच दम लागतो.

स्टॅम्पवाला: कोर्टाबाहेर दस्तात लिहितात तेच घ्या ना: 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, नशापाणी न करता.' नशापाणी गाळा; रात्री दोनला अ‍ॅप उतरवणाऱ्याचं काही सांगता येत नाही. 'विशिष्ट'ऐवजी सरळ लिहा, 'ज्या कामासाठी मागितली त्या कामापुरतीच'. मात्र खरेदीखताशी साम्य इथेच संपतं. खरेदीखत झालं की झालं. ही संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असं कायदाच म्हणतो. तेव्हा बटणावर 'संमती मागे घ्या' असंच हवं. 'अधिक पर्याय' या नावाखाली ते पुरू नका.

सराफगल्ली: जाता जाता. या कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात माणूस कुठल्याही लिंगाचा असो, सर्वनाम स्त्रीलिंगी आहे. त्याचं केवढं कौतुक झालं! आपल्याकडे 'व्यक्ती' पहिल्यापासून 'ती'च.

गोदाकाठ: कळवतो. बटणाचं साहेबांना पटलं. 'विश्वस्त' मात्र त्यांनी सगळीकडे खोडून 'आम्ही' केलंय.