कोर्स लावला म्हणून ईएसआयचा बेरोजगार भत्ता अडतो का?

मस्टरवाला_रबाळे:
नवी मुंबईत रबाळ्याच्या एका युनिटने जानेवारीअखेर तेरा जणांना एकाच दिवशी घरी बसवलं. त्यातल्या एका टर्नरचा प्रश्न आहे. पगार 18,000, ईएसआय (कामगार राज्य विमा) सलग सहा वर्षं कापलेली. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत भत्त्याचा अर्ज टाकलाय. दरम्यान त्याने सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) सहा महिन्यांचा कोर्स धरला. शाखा कार्यालयाचे शेरे दोन: रेकॉर्डला ‘नोकरी सोडली’ असं आहे, आणि प्रशिक्षण चालू आहे तर बेरोजगार कसा? कंपनीच्या पत्रात ‘काम कमी झाल्यामुळे सेवा संपुष्टात’ असं स्पष्ट आहे. आधी कशाच्या मागे लागायचं? की सरळ ईएसआयच्याच अटल विमाधारक योजनेत टाकून मोकळं व्हावं?

कोपरीचा_हिशेबनीस:
आधी पहिला शेरा. तो निघाल्याशिवाय दुसऱ्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

माणूस गेला की कंपनी ईएसआयच्या महिन्याच्या चलनात त्याच्यापुढे शून्य दिवस भरते आणि कारणाचा आकडा निवडते. 2 म्हणजे नोकरी सोडली, 10 म्हणजे छाटणी. क्लार्क सवयीने 2 दाबतो, कारण एरवी वर्षभर तोच लागतो. शाखेतल्या बाबूला स्क्रीनवर तेवढंच दिसतं. राजीव गांधी योजना मात्र छाटणी, कारखाना बंद होणं, किंवा कामाबाहेरच्या इजेमुळे 40 टक्के वा अधिक कायमचं अपंगत्व, एवढ्यालाच लागू आहे. राजीनामा, व्हीआरएस, शिस्तभंगाची कारवाई, संप, टाळेबंदी यांत भत्ता नाही. म्हणजे एका आकड्यावर अख्खा अर्ज गेला.

दुरुस्तीचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं: आयपी नंबर (विमाधारकाचा क्रमांक), कामाचा शेवटचा दिवस, ‘कारण 2 चुकून भरलं, 10 वाचावं’ अशी सरळ विनंती, अधिकृत सही-शिक्का. सोबत सेवासमाप्तीचं पत्र आणि फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशेबाचा कागद. तो कागद नीट बघा. छाटणीची भरपाई दर पूर्ण वर्षाला 15 दिवसांची, म्हणजे सहा वर्षांचे 90 दिवस. शिवाय महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार. ती ओळ कोणत्या नावाने लिहिलीय?

 

मस्टरवाला_रबाळे:
बघितलं. भरपाई 90 दिवसांचीच आहे, पण ओळीचं नाव ‘तडजोड रक्कम’. आणि खाली ‘स्वखुशीने हिशेब स्वीकारला’ यावर सही.

कोपरीचा_हिशेबनीस:
खरी गाठ इथे आहे. ‘स्वखुशीने’ हे हिशेबाबद्दल लिहिलंय, नोकरी सोडण्याबद्दल नाही, पण वाचणारा घाईत राजीनामाच समजतो. सुटण्यासारखं आहे. सेवासमाप्तीच्या पत्राची तारीख हिशेबाच्या आधीची आहे ना? आणि तेरा जणांना एकाच तारखेचं, एकाच मजकुराचं पत्र मिळालंय. तेरा माणसं एका दिवशी आपल्या मनाने नोकरी सोडत नाहीत. सगळ्यांच्या पत्रांच्या प्रती एका अर्जाला जोडा. कंपनी दुरुस्ती देत नसेल तर हाच गठ्ठा घेऊन कामगार उपायुक्त, ठाणे यांच्याकडे तक्रार करा आणि तिची पोच ईएसआयच्या फाइलला लावा.

हार्बर_लाइन:
दुसऱ्या शेऱ्याबद्दल. कोर्स वेगळा आणि ‘ट्रेनी’ वेगळा, इथे लोक हमखास फसतात.

वर्गात बसून शिकणं म्हणजे नोकरी नव्हे. उलट याच योजनेत कौशल्य वाढवण्यासाठी जास्तीत जास्त एक वर्षाचं प्रशिक्षण आहे, त्याची फी आणि प्रवासभाडं ईएसआय देते. जुनी एटीआय, आताची एनएसटीआय (राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था), चुनाभट्टीला आहे. रबाळ्याहून वाशीला गाडी बदलली की हार्बरने थेट. मात्र आधी शाखेची मंजुरी, मग प्रवेश. स्वतः निवडलेल्या खासगी क्लासची भरलेली फी परत मिळेल या भरवशावर राहू नका.

पण कोर्सवाल्यांनी तुमच्या माणसाला शेवटचे दोन महिने महाप्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ‘ट्रेनी’ म्हणून बसवलं आणि मालकाने ईएसआय कापली, तर त्याच आयपी नंबरवर नवं योगदान दिसतं. तिथे भत्ता थांबणारच, आणि ते बरोबरच आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदलेला अप्रेंटिस ईएसआयच्या व्याख्येत कर्मचारी नाही. नुसता ट्रेनी मात्र कर्मचारी ठरतो. तेव्हा संस्थेकडून पत्र घ्या: प्रवेशाची तारीख, कालावधी, रोजची वेळ, आणि ‘वेतन दिले जात नाही’ ही ओळ. ती ओळ नसेल तर पत्र बिनकामाचं.

कोपरीचा_हिशेबनीस:
अटल योजनेचं राहिलं. घाई नको. ती 90 दिवसांपुरती आणि आयुष्यात एकदाच. राजीव गांधी योजनेत 24 महिने आहेत: पहिले 12 महिने सरासरी रोजाच्या 50 टक्के, पुढचे 12 महिने 25 टक्के. 600 रोजावर आधी दिवसाला 300, म्हणजे तीस दिवसांचे 9,000. दुसऱ्या वर्षी 150, म्हणजे 4,500. शिवाय भत्ता चालू असेपर्यंत घरच्यांनाही ईएसआयचं औषधपाणी. दोन्हीकडे अर्ज टाकला तर फाइल नुसती गोल फिरते.

आणखी एक. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्यात पुनर्कौशल्य निधी आहे: छाटणी झालेल्याच्या खात्यात 15 दिवसांचा शेवटचा पगार, 45 दिवसांच्या आत. हे भरपाईच्या 90 दिवसांव्यतिरिक्त. फक्त छाटणीलाच आहे, म्हणून कंपनी 10 भरायला का कू करत असेल तर कारण हेही असू शकतं. आणि हे पैसे आले म्हणून कोणी ‘कमाई चालू आहे’ म्हणालं तर ऐकून घेऊ नका, ती पुढच्या महिन्यांची मजुरी नव्हे.

मस्टरवाला_रबाळे:
दोन्ही शेरे तोंडीच दिलेत.

हार्बर_लाइन:
मग उद्याच लेखी मागा. कागद दोन प्रतींत द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी नकारावर ना उपप्रादेशिक कार्यालयात दाद मागता येते, ना कामगार विमा न्यायालयात. लेखी देत नसतील तर सीपीग्राम्सवर (केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर) तक्रार टाका आणि तिच्यात तो आवक क्रमांक लिहा.