नवीन कार्पेटचा वास (सोसायटी ग्रुप, जुळे सोलापूर)

बी-२०३: बेडरूमला भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट टाकलंय. कालपासून वास जाईना, डोळे चुरचुरतायत. धूप लावू का?

सी-४०१: धूप अजिबात नको वहिनी. खाली चिकटवायला काय लावलंय, सोल्यूशन (पातळ डिंकासारखं) की डबल टेप?

बी-२०३: पिवळं सोल्यूशन, सगळ्या फरशीवर.

सी-४०१: मग आधी खोलीत काडी, निरांजन, धूप काहीच पेटवू नका. त्याची वाफ पेट घेते. नव्या कार्पेटचा नेहमीचा वास पाठीवरच्या लॅटेक्स रबराचा असतो. ४-फिनाइलसायक्लोहेक्सीन नावाचं द्रव्य, अगदी थोडं असलं तरी नाकाला कळतं. हवा खेळती असली तर दोन-तीन दिवसांत तो वास बराच उतरतो. डोळे चुरचुरतायत ते बहुधा सोल्यूशनमुळे. त्यात टोल्युइनसारखे सॉल्व्हंट (उडून जाणारे द्राव) असतात आणि वरून कार्पेटचं झाकण पडल्यामुळे ते सावकाश बाहेर येतात. नवीन प्लायचं कपाटही केलं असेल तर त्यातून सुटणारं फॉर्मल्डिहाइड (डोळ्यांना झोंबणारा वायू) वेगळंच.

ए-१०२: एसी लावून झोपू नका हं. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. खिडकीतला कूलर बरा, तो बाहेरची हवा आत ढकलतो. पंप बंद ठेवा, नुसता पंखा चालवा आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. वाट नसेल तर हवा जाणार कुठून? पंप लावलात तर ओलाव्याने फॉर्मल्डिहाइड जास्त सुटतं, वर कार्पेटला कुबट वास येतो तो वेगळाच.

सी-४०१: आणि आपल्याकडचा उन्हाळा! दुपारी बंद खोली तापली की वाफा वाढतात. संध्याकाळी दार उघडून अर्धा तास तसंच सोडा, मग आत जा. पोरांना आठवडाभर दुसऱ्या खोलीत झोपवा.

डी-३०२: एअर प्युरिफायर आणला तर?

ए-१०२: हेपा फिल्टर धूळ धरतो, वायू नाही. वायूला ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो, तोही भरपूर. कार्बनची पातळ काळी जाळी लवकरच भरते. ओझोनवालं मशीन तर घेऊच नका, ओझोन कार्पेटशी अभिक्रिया करून नवे ॲल्डिहाइड (फॉर्मल्डिहाइडच्याच जातीतले वायू) तयार करतो.

बी-२०३: कडेला किड्यांसाठी डांबरगोळ्याही टाकल्यात 🙈

सी-४०१: आत्ता काढा. ते नॅप्थलीन आहे, श्वासातून आत जातं. लहान मुलांना जास्त धोका.

सेक्रेटरी: क्लबहाऊसचं कार्पेट पुढच्या आठवड्यात येतंय. काय सांगू दुकानदाराला?

सी-४०१: सोल्यूशन नको, कडेनं डबल टेप. टाकायच्या आधी तीन दिवस गच्चीवर सावलीत पाठ वर करून उलगडून ठेवा. पार्किंगमध्ये नको, गाड्यांचा धूर ओढून घेईल.

ए-१०२: त्यापेक्षा सुती सतरंजी टाका की. वापरण्याआधी एकदा धुऊन घ्या, खळ आणि सुटा रंग निघून जातो.